पैठणीची घडी, रेणूची घडी

१/ छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. पैठणी विणण्यापूर्वी कच्चे रेशीम उकळून त्यावरील सेरिसिनचे चिकट आवरण काढतात. आवरण विरघळते, आतला धागा मात्र शाबूत राहतो.

२/ नवल असे की, धाग्यातील फायब्रॉइन हे प्रथिन रेशीम अळीच्या ग्रंथीत पाण्यात विरघळलेलेच असते. मग धागा झाल्यावर ते उकळत्या पाण्यालाही दाद का देत नाही?

३/ धागा ओढला जाताना फायब्रॉइनच्या लांबलचक साखळ्यांवर ताण पडतो. त्यांचे ठरावीक भाग शेजारी-शेजारी बसून सूक्ष्म स्फटिक बनतात. १९५५ मध्ये मार्श, कोरी व पॉलिंग यांनी या स्फटिकांची रचना मांडली: लगतचे पदर परस्परविरुद्ध दिशांनी धावतात व हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात. या बांधणीत पाण्याला शिरकाव नाही.

४/ तरीही एक कोडे उरलेच. बहुवारिकाची साखळी स्फटिकाच्या जाडीहून कितीतरी लांब. ती त्यात मावते कशी? ती स्वतःवरच दुमडत असावी, असे स्टॉर्क्स यांनी १९३८ मध्येच सुचवले होते. ही सूचना जवळजवळ दोन दशके दुर्लक्षित राहिली.

५/ १९५७ मध्ये ब्रिस्टल येथे अँड्र्यू केलर यांनी पॉलिएथिलीनच्या विरल द्रावणातून पापुद्र्यासारखे स्फटिक मिळवले. जाडी जेमतेम १० नॅनोमीटर; साखळ्या मात्र पापुद्र्याला लंब, उभ्या. निष्कर्ष एकच: नऊवारी लुगड्याची घडी घालावी, तशी साखळी वर-खाली दुमडते. त्याच वर्षी टिल व फिशर यांनाही स्वतंत्रपणे असेच स्फटिक मिळाले.

६/ १९६२ मध्ये पॉल फ्लोरी यांनी आक्षेप घेतला. त्यांच्या मते साखळी लगेच शेजारी परतत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तारांप्रमाणे भलतीकडेच शिरते. वाद अनेक वर्षे रंगला. विरल द्रावणातून सावकाश वाढलेल्या स्फटिकांत घडी बरीच नेटकी असते, तर वितळलेला पदार्थ गोठताना ती पुष्कळ विस्कटते, असे पुढे दिसून आले.

७/ रेशमातही शिस्त व मोकळीक शेजारी नांदतात. स्फटिकांमुळे धागा बळकट होतो. स्फटिकांमधल्या सैल भागांमुळे तो ताण सोसतो. पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली, तर त्या रेषेवर विरते. म्हणून घरोघरी तिची घडी मोडून पुन्हा घालतात. धाग्यातील सूक्ष्म स्फटिकांची बांधणी मात्र मोडत नाही. उकळत्या पाण्यातून धागा सहीसलामत निघतो, तो तिच्याच बळावर.