पेटी, गिटार आणि कीबोर्ड : मराठवाड्यातील ख्रिस्ती उपासनेच्या वाद्यांचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात वसलेल्या जवळा बाजारच्या परिसरात समूहगायनाची परंपरा ख्रिस्ती मंडळ्या स्थापन होण्याच्या कितीतरी शतके आधी रुजलेली होती. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. संत नामदेव आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची भेट औंढ्याच्या नागनाथ मंदिरात झाली असे परंपरा सांगते आणि कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची आख्यायिकाही याच मंदिराशी जोडलेली आहे. वीणा, टाळ आणि मृदंग यांच्या साथीने एकाने चरण म्हणायचा आणि उरलेल्यांनी धृपद उचलायचे, ही या भूमीतील सामुदायिक भक्तीची मूळ घडण होय. मराठवाड्यातील ख्रिस्ती उपासनेत गेल्या दीडशे वर्षांत आलेल्या पेटी, गिटार आणि कीबोर्ड या वाद्यांचा इतिहास या घडणीच्या संदर्भातच नीट उलगडतो. या वाद्यांविषयीचा वाद बहुधा देशी आणि परदेशी अशा शब्दांत मांडला जातो. तथापि तिन्ही वाद्यांची मुळे युरोपात असल्याने त्या वादातून फारसे काही हाती लागत नाही. गायनाचे पुढारपण मंडळीकडे राहते की वादकांकडे जाते, हा प्रश्न प्रत्येक नव्या वाद्याने नव्याने उभा केला आणि या इतिहासाचा खरा धागा तोच आहे.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे मुंबई इलाख्यातील मिशनांचे काम येथे उशिरा आणि तुरळक पोहोचले. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत 1813 मध्ये आणि अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, 1831 मध्ये कार्य सुरू केले. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे केंद्र उभे राहिले. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. हिंगोलीच्या शेजारच्या वाशीम भागात पुढे अमेरिकेतील चर्च ऑफ द नाझरीनचे कार्य वाढले आणि 1938 मध्ये तेथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. या प्रत्येक संस्थेची संगीताविषयीची भूमिका निराळी होती. बेथेलच्या मातृसंस्थेचे उदाहरण बोलके आहे: फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये बायबलातील स्तोत्रे वाद्याविना गाण्याची शिस्त होती आणि उपासनेत वाद्य वापरण्यास तेथील सर्वोच्च सभेने 1883 मध्ये कुठे मोकळीक दिली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना परंपरेने ‘चर्चचे वाद्य’ असे एकच काही मिळाले नव्हते, हे यावरून ध्यानात येते.

मराठवाड्यातील पहिल्या पिढ्यांचे ख्रिस्ती मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आले होते. या समाजांत, विशेषतः मांग समाजात, हलगी आणि सनई वाजवण्याचे कौशल्य पिढीजात होते. परंतु गावगाड्यात ते वादन जातीने नेमून दिलेले काम असल्यामुळे त्या कौशल्याला मानाची जोड नव्हती. अशा परिस्थितीत ज्या वाद्यामागे कोणत्याही जातीचे चाकरीपण नव्हते, ते वाद्य उपासनेत चटकन आपलेसे होणे स्वाभाविक होते. पेटीच्या स्वीकारामागील अनेक कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण मानता येते, आणि पुढे गिटारला जे आकर्षण लाभले त्यातही या कारणाचा अंश आहे.

वाद्यापूर्वी गीतांचा प्रश्न होता. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या अहमदनगरच्या मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रगीतांची मराठी रूपांतरे केली आणि ती मूळ चालींवरच गायिली जाऊ लागली. इंग्रजी चालींत जोर ठरावीक मात्रांवर पडतो, तर मराठी पद्यात ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचे वजन महत्त्वाचे असते. त्यामुळे ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे, दीर्घ अक्षर तोडावे लागे आणि शब्द नीट कळत नसत. या अडचणीवर देशी उपाय शोधणाऱ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे अग्रेसर होते. त्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. नारायण वामन तिलक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत अभंग, पदे आणि भजने यांची विपुल रचना केली आणि मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात तिलकांच्या गीतांना मानाचे स्थान मिळाले. या वळणाला जुना पूर्वाधारही होता: गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीतच रचलेले होते. तिलकांच्या पिढीने गीत मराठी छंदात आणि मराठी चालीत बसवल्यामुळे त्याला साथ करणारे वाद्यही त्या चालीला धरून चालणारे असणे गरजेचे झाले.

ही गरज हार्मोनियमने, म्हणजेच पेटीने, भागवली. पॅरिसमधील अलेक्झांडर दबँ यांनी 1842 मध्ये पेटंट घेतलेले हे वाद्य मुळात पायाने भाता चालवून वाजवायचे होते. मिशनऱ्यांबरोबर ते आणि घडी घालून नेता येणारे छोटे ऑर्गन भारतात आले. जमिनीवर बसून गाणाऱ्या मंडळीत पायपेटी गैरसोयीची होती. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या संस्थेने हातपेटीचा प्रसार केल्यावर एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने सूर असे सुटसुटीत रूप मिळाले. डाव्या हाताला भाता सोडवत नसल्यामुळे पाश्चात्त्य पद्धतीची बहुस्वरी साथ त्या हाताने देणे अशक्य झाले आणि वाजवणारा गायकाच्या चालीमागून चालणारा साथीदार बनला. या मर्यादेमुळेच पेटी भजनाला मानवली. अभिजात संगीतात मात्र तिच्यावर मोठा आक्षेप होता: तिचे बारा सूर पक्के असल्याने मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, तिच्यावर निघत नाही आणि सूक्ष्म श्रुतींना तिच्यात जागा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी घडवण्याचा प्रयत्न केला तो या आक्षेपाला उत्तर म्हणून. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर बंदी घातली तीही याच आक्षेपापायी. ज्या काळात नभोवाणी पेटीला परकी ठरवत होती, त्याच काळात खेड्यातील चर्च आणि भजनी मंडळे तिला पूर्णपणे देशी मानून चुकली होती.

गिटारचा मार्ग निराळा आणि अधिक वळणांचा आहे. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन, व्हायोलिन आणि समूहगायन शिकवले जाई. तेथे तयार झालेले वादक मुंबईत आले आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादक-संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला पाश्चात्त्य स्वरमेळाची घडी दिली. गोव्याच्या चर्चमध्ये शिकलेली ही विद्या चित्रपट आणि रेडिओ यांच्यामार्फत मराठवाड्याच्या गावोगावी पोहोचली; त्यामुळे गिटार प्रत्यक्ष चर्चमध्ये येण्याआधीच तिचा नाद तेथील कानांच्या ओळखीचा झाला होता. जागतिक पातळीवरही याच सुमारास बंधने सैल झाली. पोप दहावे पायस यांनी 22 नोव्हेंबर 1903 च्या आदेशाने कॅथलिक चर्चमध्ये पियानो आणि ढोलासारखी वाद्ये निषिद्ध ठरवली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी स्वीकारलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान राखूनही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने इतर योग्य वाद्यांना वाट मोकळी केली. अमेरिकेत 1967 पासून कॅथलिक करिश्माई चळवळ, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी प्रार्थनेची चळवळ, सुरू झाली आणि 1970 च्या दशकात ती मुंबईत पोहोचली. प्रोटेस्टंट मंडळ्यांतही पेंटेकोस्टल प्रभावाने हात उंचावून, टाळ्या वाजवून गाण्याची आराधना वाढली. महाराष्ट्रात भावनेच्या अशा सामूहिक उद्रेकाला पूर्वपीठिका होती: केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 मध्ये मोठे आध्यात्मिक जागरण घडले होते. लहान, पुन्हा पुन्हा म्हणता येणाऱ्या गीतांच्या या नव्या आराधनेला तालाचा ठोका आणि स्वरांचा भरणा एकाच वाद्यातून देणारी गिटार सोयीची ठरली. नाताळच्या दिवसांत घरोघर गात फिरणाऱ्या तरुणांसाठी तर गळ्यात पेटी बांधण्यापेक्षा खांद्याला गिटार लावणे कितीतरी हलके होते.

गिटारने आणलेला खरा बदल कॉर्डचा, म्हणजे तीन किंवा अधिक स्वर एकाच वेळी वाजवून होणाऱ्या स्वरसमूहाचा, आहे. भजनाची चाल एकेरी असते. तिच्या मागे सा आणि पंचम अखंड वाजत राहिले की पुरते. कॉर्ड मात्र चालीखाली बदलत राहतात आणि कधीकधी चालीत नसलेला स्वर आत आणतात. भूप रागाच्या वळणाची एखादी चाल घेतली तर तिच्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर असतात. सा-ग-प हा कॉर्ड तिला शोभतो, ध-सा-ग हाही शोभतो; परंतु वादकाने सवयीने पंचमाचा कॉर्ड धरला की प-नी-रे असा समूह वाजतो आणि भूपात वर्ज्य असलेला निषाद कानावर येतो. जाणता वादक अशा जागी मधला स्वर गाळून केवळ पंचम आणि रिषभ छेडतो. भैरवीच्या चालीत चारही कोमल स्वर असल्यामुळे सा वरचा कॉर्ड कोमल गांधाराचा, म्हणजे मायनर, होतो आणि कोमल रिषभावरचा मेजर. पाश्चात्त्य गीतांच्या सरावातून आलेल्या हाताला ही जोडी अनोळखी वाटते. पट्टीचा प्रश्नही असाच आहे. पेटीवर पुरुष बहुधा काळी एक किंवा काळी दोन या पट्टीत गातात. गिटारवर काळी एकचे कॉर्ड मोकळ्या तारांवर बसत नाहीत, म्हणून पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकत्र दाबणारी चिमट, लावून वादक पांढरी एकचीच बोटे धरतो आणि मंडळीची पट्टी सांभाळतो. पेटीवरील श्रुतींचा आक्षेप गिटारला आणि कीबोर्डलाही बऱ्याच अंशी लागू पडतो, कारण गिटारचे पडदेही सप्तकाचे बारा समान भाग पाडूनच बसवलेले असतात.

कीबोर्ड सर्वांत उशिरा आला, पण पसरला सर्वांत वेगाने. कॅसिओ कंपनीने 1980 मध्ये ‘कॅसिओटोन 201’ हा आपला पहिला कीबोर्ड बाजारात आणला आणि पुढील दोन दशकांत या वाद्याला मराठी बोलीत ‘कॅसिओ’ हेच नाव पडले. यामाहा आणि कॅसिओ यांनी पुढे तबला, तानपुरा आणि पेटी यांचे आवाज व भारतीय ठेके असलेली खास मॉडेले भारतासाठी काढली. एका कळीने पट्टी बदलण्याची सोय असल्यामुळे एकाच पट्टीत शिकलेला नवशिका मुलगाही कोणत्याही गायकाला साथ देऊ शकू लागला. आणि तालाचे बटण दाबले की ढोलकीवाला नसतानाही उपासना चालू लागली. छोटे कीबोर्ड सेलवरही चालतात, ही गोष्ट भारनियमनाने गांजलेल्या मराठवाड्यात दुय्यम नव्हती. मात्र सेलवरचा आवाज भरल्या सभेत पुरत नसे आणि वीज गेली की ध्वनिवर्धकावर विसंबलेली आराधना पुन्हा पेटी-ढोलकीकडे वळत असे.

यंत्राच्या तालाने दिलेल्या सोयीबरोबर एक हानीही झाली. भजनी ठेका आठ मात्रांचा असल्याने तो कीबोर्डच्या चार-चार मात्रांच्या साच्यात सहज बसतो आणि सहा मात्रांचा दादराही जमतो. सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल यांच्या चाली मात्र बाजूला पडू लागल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भजनाची लय स्थिर नसते: ती संथ सुरू होते, धृपदाच्या प्रत्येक फेरीबरोबर चढते आणि गजरात टिपेला पोहोचते. हा चढ वादक आणि गाणारे एकमेकांकडे पाहत ठरवतात. यंत्राला एकदा दिलेली गती ते स्वतःहून बदलत नाही, त्यामुळे गाणाऱ्यांचा उत्साह वाढला तरी ठेका आपल्या जागीच राहतो आणि गाणाऱ्यांना त्याच्या मागे जावे लागते. पेटीच्या काळात वादक मंडळीच्या मागून चालत होता. येथे मंडळी वाद्याच्या मागून चालू लागली. गिटार आणि कीबोर्ड ध्वनिवर्धकाला जोडले गेल्यावर, आणि त्यांना ऑक्टोपॅडची, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या विजेवरील तालपट्ट्यांची, साथ मिळाल्यावर व्यासपीठावरील चार-पाच जणांचा आवाज सभेतील शंभरांच्या आवाजावर सहज मात करू लागला.

यावरून नवी वाद्ये हद्दपार करावीत असा निष्कर्ष निघत नाही, आणि कोणतीही मंडळी तसे करण्याच्या स्थितीतही नाही. तरुणांना उपासनेत वाटा मिळवून देण्याचे काम गिटार आणि कीबोर्ड यांनीच केले आहे आणि स्वरमेळामुळे अनेक जुन्या गीतांना नवा भरणा लाभला आहे. आज अनेक मराठी चर्चमध्ये उपासनेचा आरंभ ‘उपासना संगीत’मधील गीताने पेटी-तबल्यावर होतो आणि स्तुती-आराधनेचा भाग गिटार-कीबोर्डवर होतो, ही वाटणी पिढ्यांमधील तडजोड म्हणून पत्करली गेली असली तरी तिच्यामुळे दोन्ही परंपरांचे गुण एकमेकांपासून दूर राहतात. जेथे कीबोर्डवादक तालाचे बटण बंद ठेवून ढोलकीवाल्याची लय पाहतो, गिटारवादक चालीत नसलेला स्वर गाळतो आणि धृपदाच्या वेळी दोघेही आवाज खाली घेतात, तेथे परदेशी बांधणीची वाद्येही पेटीसारखीच मंडळीची होऊन जातात. पेटीला देशी होण्यास जे कारण घडले तेच येथेही लागू पडते: तिने आपली बहुस्वरी क्षमता बाजूला ठेवून चालीची साथ पत्करली. गिटार आणि कीबोर्ड यांच्याकडे असे बंधन लादणारा भाता नाही. म्हणून हा संयम वाद्याच्या रचनेतून येणार नाही, तो पाळकांनी, गायनवृंदाने आणि वादकांनी मिळून ठरवावा लागेल.