मध्यम लहरींवरील संगीत-प्रसारणाचा ऱ्हास : पुणे केंद्राच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतातील नियमित नभोवाणी प्रसारणाचा प्रारंभ 23 जुलै 1927 रोजी मुंबई केंद्रापासून झाला. आकाशवाणीचे पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. मध्यम लहरींवरून होणारे हे प्रसारण एकेकाळी मराठी घराघरांतील संगीताचा प्रमुख स्रोत होते. एफएम वाहिन्या आल्या, आवाज स्वच्छ झाला आणि म्हणून मध्यम लहरी मागे पडल्या, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अर्धसत्य आहे. संगीताचा निर्माता ही भूमिका क्षीण होऊन केंद्र तयार ध्वनिमुद्रिकांचा वितरक बनत गेले, आणि ऱ्हासाची बीजे तेथे रुजली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

निर्मितीचे पर्व

1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीतांवर कठोर मर्यादा घातल्या. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. हे धोरण लोकप्रिय नव्हते. परंतु त्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. चित्रपटगीतांची जागा भरून काढण्यासाठी आकाशवाणीला स्वतःचे सुगम संगीत निर्माण करावे लागले. त्यासाठी कवी, संगीतकार, गायक व वादक यांना मानधन देऊन केंद्रावर पाचारण केले जाई. ध्वनिचाचणी आणि श्रेणी यांच्या आधारे कलावंतांची निवड होई.

‘गीतरामायण’ हे या व्यवस्थेचे सर्वोत्तम फलित होय. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. कार्यक्रमाची संकल्पना केंद्राचे सीताकांत लाड यांची, काव्य ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत सुधीर फडके यांचे होते. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या 56 झाली. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा अनेक गायकांनी निरनिराळ्या व्यक्तिरेखांची गीते गायिली. पुढे ध्वनिमुद्रिकांद्वारे घरोघरी पोहोचलेले ‘गीतरामायण’ मात्र प्रामुख्याने एकट्या फडके यांच्या स्वरातील आहे. बाजाराने एक स्वर निवडला. केंद्राने अनेक स्वर एकत्र आणले होते. निर्माता आणि वितरक यांतील भेद या एका उदाहरणातून स्पष्ट होतो.

वितरणाकडे वाटचाल

3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली व चित्रपटगीतांना आकाशवाणीवर पुन्हा मानाचे स्थान मिळाले. 1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून व्यापारी प्रसारण सुरू झाले. श्रोत्यांच्या दृष्टीने हे बदल स्वागतार्ह होते. तथापि, जाहिरातदाराला हवे असणारे गीत आधीच ध्वनिमुद्रित झालेले होते. ते वाजविण्यासाठी वाद्यवृंदाची आवश्यकता नव्हती. 1973 मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे दूरदर्शन पुण्यात आले. त्यानंतर कॅसेटचा प्रसार झाला. तेच गीत अन्यत्र हवे तेव्हा ऐकता येऊ लागले.

या टप्प्यावर तंत्राची मर्यादा निर्णायक ठरली. मध्यम लहरींच्या दोन वाहिन्यांत 9 किलोहर्ट्झचे अंतर असते. त्यामुळे श्राव्य ध्वनीची मर्यादा साधारणतः 4.5 किलोहर्ट्झपर्यंत राहते. एफएमवर ती 15 किलोहर्ट्झपर्यंत जाते. तंबोऱ्याचे सूक्ष्म स्वरांश मध्यम लहरींवर हरवतात. वीज कडाडली की खरखर ऐकू येते. कोथरूडसारख्या दाट वस्तीत चार्जर, इन्व्हर्टर व एलईडी दिव्यांमुळे ही खरखर आणखी वाढते. शिवाय मोबाइल संचांत एफएमची सोय आली, मध्यम लहरींची आली नाही. यांतील काही दोष 1955 मध्येही होतेच. तरीही श्रोता रेडिओपाशी बसला, कारण ते गीत अन्यत्र नव्हते. वेगळेपण संपल्यावर केवळ दोष उरले.

2001 पासून खाजगी एफएम वाहिन्यांनी ही प्रक्रिया वेगवान केली. 1988 मध्ये सुरू झालेली आणि नागपूरच्या शक्तिशाली मध्यम लहरी प्रक्षेपकावरून रात्रभर ऐकू येणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा आदेश डिसेंबर 2018 मध्ये निघाला. काटकसर हे त्याचे एक कारण होते. रात्रपाळीचा कामगार, ट्रकचालक, दूरच्या खेड्यातील शेतकरी अशा श्रोत्यांना एफएमच्या मर्यादित पल्ल्यापलीकडेही विनामूल्य संगीत देणारे साधन त्यामुळे दुबळे झाले.

निष्कर्ष

मध्यम लहरींवरील संगीताचा ऱ्हास ही केवळ तंत्रबदलाची कथा नाही. सार्वजनिक पैशातून नवे मराठी गीत निर्माण करण्याची व्यवस्था क्षीण होत गेल्याची ती कथा आहे. ती पोकळी खाजगी वाहिन्यांनी भरून काढलेली नाही, कारण त्यांचा व्यवसाय तयार गीतांवर चालतो.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना 1964 मध्ये पुण्यात झाली आणि त्याची भांडारे कोथरूडमध्येही उभी राहिली. चित्रपटाला लाभलेली ही आस्था थेट प्रसारित होऊन विरून गेलेल्या गायनालाही लाभावयास हवी. त्या काळातील श्रोते, वादक व निवेदक यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण महाविद्यालयांच्या इतिहास व संगीत विभागांना अल्प खर्चात करता येईल. मूळ प्रसारण प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. त्यामुळे या कार्यास विलंब परवडणारा नाही.