मिठू रानात गेलाच नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे वडील बल्लारपूरच्या लाकूड डेपोत कारकून होते. १९७१ च्या उन्हाळ्यात एका गाडीवानाने टोपलीत घालून राघूची तीन पिल्ले आणली. कूपात पाडलेल्या झाडाच्या ढोलीत ती सापडली होती. अंगावर पिसांच्या नुसत्या खुंट्या आणि सारखी वासलेली चोच. मी त्यांना दूध-पाव भरवला. दूध पाखरांना पचत नाही, हे मला ठाऊक नव्हते. दोन पिल्ले दुसऱ्याच रात्री गेली. तिसऱ्याला आईने हरभऱ्याची भिजवलेली डाळ वाटून, बोटाच्या टोकावरून भरवली. ते जगले. त्याचे नाव अर्थातच मिठू.

दिवाळीपर्यंत मिठू घरभर उडू लागला. आई म्हणाली, "आता दे सोडून बापा, रानातला जीव आहे." मी त्याला वर्धा नदीच्या काठी नेले. त्याने एक गिरकी घेतली आणि माझ्या डोक्यावर येऊन बसला. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी तो जरा लांब गेला, तेव्हा मी घराकडे पळत सुटलो. दुसऱ्या संध्याकाळी समजले, की तो कुणाच्या तरी अंगणात उतरला, दाणे मागत चालत गेला आणि तिथल्या मांजराने त्याला धरले. मांजर दिसल्यावर उडायचे असते, हे त्याला शिकवणारे घरात कोण होते? आम्ही फक्त खाऊ घातले होते.

या गोष्टीला शास्त्रात नाव आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये हंसांच्या पिल्लांवरून ते मांडले. अंड्यातून बाहेर आल्यावर जो हलता जीव प्रथम दिसेल, त्यालाच ही पिल्ले आई मानतात आणि तो ठसा सहसा पुसत नाही. सगळ्या पाखरांत हे एकाच रीतीने घडत नाही. पण माणसाच्या हातावर एकटे वाढलेले पिल्लू आपली जात विसरते, हा अनुभव सगळीकडचा आहे. लोरेन्झ यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी, २३ डिसेंबरला, आपल्याकडे भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८२ मध्ये झाला. शिकार हे माडिया लोकांचे अन्न होते. मारलेल्या माकडिणीच्या छातीला बिलगलेले जिवंत पिल्लू पाहून डॉ. प्रकाश आमटे यांनी ते मागून घेतले, आणि तिथून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. विलास मनोहरांचे 'नेगल' वाचलेल्यांना ते जग परिचित आहे. अशा पिल्लांना वाचवणे हाच तिथला पहिला प्रश्न होता. माणसाला न भिणारा बिबट्या परत रानात सोडायचा कसा, त्यात तो आणि गावकरी दोघांचेही मरण. अनाथालय मोठे होत गेले ते त्यामुळे, आणि मला ते पटते. माझ्याकडे एक मिठू होता, तेवढ्यानेच मी थकलो होतो.

वाढवायचे ते सोडण्यासाठीच, अशी पद्धत पुढे आली. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयात काँडोर या महाकाय गिधाडाची पिल्ले अंड्यातून बाहेर आली. तेव्हा रक्षकांनी हातात मोठ्या काँडोरच्या डोक्याची बाहुली चढवून त्यांना भरवले. पिल्लाला माणूस दिसूच द्यायचा नाही! मला हसू आले आणि वाईटही वाटले. आमच्या आईच्या बोटावर अशी एक बाहुली असती तर?

ही विद्या आपल्या दारात आली ती गिधाडांच्या निमित्ताने. माझ्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडांचा गराडा ही रोजची गोष्ट होती. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. जनावरांना दुखण्यावर देत ते डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांपर्यंत जाते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा एकही उरली नव्हती. गडचिरोलीत थोडी टिकली. तिथे वनविभागाने त्यांच्यासाठी निर्धोक मांसाची उपाहारगृहे केली.

हरियाणात पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथल्या वनविभागाने प्रजनन केंद्र उभारले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. ते लवकर काढून यंत्रात उबवले तर जोडी दुसरे घालते. तेवढाच एक जीव जास्त! जानेवारी २०२४ मध्ये तिथली दहा गिधाडे ताडोब्यात बोटेझरीला आली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात राहून त्यांनी इथले आभाळ पाहिले, मग पाठीवर यंत्र बांधून त्यांना मोकळे केले. काही थोड्याच महिन्यांत दगावली. एक मात्र उडत उडत थेट तामिळनाडूत पोचले. इतकी माणसे, इतका पैसा, इतकी वर्षे, तरी सोडलेले पाखरू जगेलच असे नाही. बातमी वाचताना मला नदीकाठ आठवला.

खाली पडलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. पंख फुटलेले, उड्या मारणारे पिल्लू बहुधा उडायला शिकत असते आणि आई-बाप जवळच असतात. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूतही खोटी. घरटे सापडले तर उचलून परत ठेवावे, जखमी असेल तर वनखात्याला कळवावे. राघू पाळणे तर आज कायद्याने गुन्हा आहे.

गेल्या जूनमध्ये आमच्या गुलमोहराखाली साळुंकीचे पिल्लू पडले. घरटे उंच होते. नातीने त्याच्यासाठी खोका आणला, "आबा, याला काय खायला द्यायचं?" मी तिला काथ्याची टोपली आणायला लावली, फांदीला बांधली, पिल्लू आत ठेवले आणि दोघे घरात जाऊन खिडकीशी बसलो. पाऊण तास काहीच घडले नाही. नात दोनदा रडवेली झाली. मग साळुंकी आली, टोपलीच्या काठावर बसली, चोचीत अळी होती. नात म्हणाली, "आपण याचं नाव ठेवायचं का?" मी म्हणालो, "नको."