जोह्याच्या कारखान्यातली ऊब

पेण तालुक्यातील जोहे आणि शेजारचे हमरापूर ही गणेशमूर्तींच्या कारखान्यांची गावे. काम मातीचे, तरी कुंभाराची भट्टी या कामाला लागत नाही. शाडूची मूर्ती भाजत नाहीत, नुसती सुकवतात. सुकताना कणांमधले मोकळे पाणी तेवढे उडते, म्हणून विसर्जनानंतर तिचा पुन्हा चिखल होतो. तीच माती पाच-सहाशे अंशांवर भाजली, तर कणांच्या रचनेतच बांधलेले पाणी निघून जाते आणि मग ती पाण्यात विरघळत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिस आले आणि कारखान्यात विस्तव आडवाटेने शिरला. जिप्सम हे खनिज सुमारे 150 अंशांवर तापवले की त्यातले तीन चतुर्थांश पाणी जाते आणि पांढरी भुकटी उरते. कारागीर ती पाण्यात कालवून काथ्यासह साच्यात भरतो. भुकटी गेलेले पाणी परत घेते, बघता बघता घट्ट होते आणि साचा हाताला चक्क गरम लागतो. दूरच्या भट्टीत खर्ची पडलेल्या उष्णतेचा एक वाटा असा जोह्यात बाहेर पडतो.

जिप्समचे हे कोडे लाव्हाझिए या फ्रेंच रसायनज्ञाने 1765 मध्ये उलगडले. जळणे म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हेही पुढे त्यानेच दाखवले. मात्र 1789 च्या मूलद्रव्यांच्या यादीत त्याने प्रकाश आणि उष्णता यांना ऑक्सिजनच्या पंक्तीला बसवले. तराजूवर इतकी हुकमत असलेल्या माणसालाही उष्णता हा पदार्थ वाटला, इतका तो प्रश्न अवघड होता. ती ऊर्जेचे रूप आहे, हे 1840 च्या दशकातील जूल या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी पटू लागले. वीज वाहताना तार किती तापते, याचा नियमही त्याचाच.

दिव्यांतही हीच उष्णता भेटते. कंदिलाची ज्योत पिवळी दिसते ती तापलेल्या काजळीच्या कणांमुळे. विजेच्या जुन्या बल्बमध्ये काजळीची जागा तारेने घेतली. आग गेली, पण प्रकाशाची वाट उष्णतेतूनच राहिली आणि बहुतेक वीज ऊब होऊन वाया गेली. एलईडीत विजेचा प्रकाश थेट होतो. डोळ्यांची आखणी करताना असा दिवा मूर्तीच्या चेहऱ्याजवळ धरला, तरी ओला रंग तापत नाही. श्रावणातल्या ओल्या हवेत मूर्ती सुकवायची झाली, तर मात्र हा दिवा कामाचा नाही. तिथे पंखा लागतो आणि जुन्या बल्बच्याच जातीचा, भरपूर तापणारा हॅलोजन.