वऱ्हाडातल्या गाड्यांचा खुराक

मँचेस्टरमध्ये 1921 साली तयार झालेल्या वाफेच्या इंजिनाने ‘शकुंतला’ ही आगगाडी थेट 1994 पर्यंत ओढली. अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर, अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर, मध्ये अरुंद रूळ; मार्ग मुळात टाकला तो वऱ्हाडचा कापूस वाहायला. टिकण्याच्या बाबतीत त्या इंजिनाला तोड नव्हती. पण कोळसा, पाणी आणि भट्टी सांभाळणारी माणसं, हा रोजचा खुराक काही सुटला नाही. शेवटी डिझेल इंजिन आलं.

विजेच्या मोटारीची गोष्ट नेमकी उलटी. खुराक कमी, शंका आयुष्याची.

बंगळुरूची ‘रेवा’ 2001 मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. एका चार्जिंगमध्ये जेमतेम 80 किलोमीटर, आणि काही वर्षांत बॅटऱ्यांचा अख्खा संच बदलायची वेळ. पेट्रोलचे वाचलेले पैसे तिथेच जात. पुढे लिथियम आलं, पण त्याला उन्हाचं वावडं निघालं. अमेरिकेत फीनिक्ससारख्या तापट शहरात ‘निसान लीफ’च्या बॅटऱ्या लवकर मंदावल्याच्या तक्रारी 2012 मध्ये गाजल्या. त्या मोटारीत बॅटरी गार ठेवणारी द्रवाची यंत्रणा नव्हती. कंपनीला पुढे बॅटरीच्या क्षमतेचीही हमी द्यावी लागली.

अकोल्याच्या माणसाने हा किस्सा कान देऊन ऐकावा. मे 2020 मध्ये तिथला पारा 47 अंशांच्या वर गेला होता.

त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत द्रवाने गार राहणारी 30.2 युनिटची बॅटरी होती, आणि तिला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी. अमरावतीहून अकोल्याला जाऊन परत यायचं तर दोनशेच्या आसपास किलोमीटर होतात. चार्जिंगमधली गळती धरून 33 युनिट लागली आणि घरगुती विजेचा दर 12 रुपये धरला, तर खर्च चारशेच्या आत. लिटरला 15 किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार 105 रुपये भावाने त्याच फेरीला चौदाशे खाते. मात्र उन्हाळ्यात एसी लावून महामार्गावर वेग धरला, तर वाटेत चार्जर शोधावा लागेल.

कोळसाही पुरता सुटलेला नाही. अकोला जिल्ह्यातच पारसला 250 मेगावॉटचे दोन संच कोळशावर वीज करतात. भट्टी फक्त गाडीतून उतरून तिथे गेली.

रोज गावातल्या गावात पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्याला, घरी सावलीची जागा आणि स्वतःचं मीटर असेल, तर विजेच्या मोटारीचा सौदा परवडतो. महिन्यातून चार वेळा गाडी काढणाऱ्याने पेट्रोल मोटारीपेक्षा जास्त मोजलेली किंमत वसूल व्हायला फार वर्षं लागतील. जुनी विजेची मोटार घेणाऱ्याने रंग आणि टायर मागाहून पाहावेत; आधी बॅटरीची उरलेली क्षमता तपासून घ्यावी आणि हमी नव्या मालकाच्या नावावर होते का, ते विचारावं.