परत येणार ना?

२००४ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. माझ्या मावशीला अमेरिकेला जायचं होतं. मावसबहिणीला तिथल्या विद्यापीठाची पीएच.डी. मिळणार होती आणि पदवीदान समारंभाला आई हवीच, असा तिचा हट्ट होता. मावशी साताऱ्याची. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, विधवा. व्हिसाच्या मुलाखतीसाठी तिला मुंबईला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. अमेरिकेची वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला, वांकानेरच्या संस्थानिकांच्या जुन्या महालात होती. २०११ मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली.

आदल्या रात्री आम्ही फाइल लावत बसलो. पेन्शनचं पासबुक, मुदत ठेवींच्या पावत्या, घराचा उतारा, चार गुंठ्यांचा सातबारा. मावशीने विचारलं, "एवढं सगळं कशाला रे?" मी म्हटलं, "तू परत येणार आहेस, हे पटवून द्यायला." ती गप्प झाली. मग म्हणाली, "बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, कुणाची पै बुडवली नाही. आणि मी तिकडेच राहीन असं यांना वाटतंच कसं?"

मी इतिहासाचा शिक्षक. मावशीचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. परत येण्याचा पुरावा पाहुण्याकडे मागायची ही रीत सुरू झाली तरी कधी?

हे शोधताना मला पंडिता रमाबाई आठवल्या. डॉक्टर होण्यासाठी आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्यांचा पदवीदान समारंभ ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात झाला. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. दोघींचं दूरचं नातं होतं. म्हणजे नात्यातल्या मुलीचा पदवीदान समारंभ पाहायला रमाबाई निघाल्या. माझ्या मावशीचंही कारण हेच होतं.

बोटीत बसण्याआधी रमाबाईंना कुठल्याही वकिलातीत जाऊन व्हिसा घ्यावा लागला नाही. त्या काळी अमेरिकेचं दार सताड उघडं होतं, असं मात्र नाही. चिनी मजुरांवर १८८२ पासून बंदी होती. निराधार माणसं, वेडे, गुन्हेगार यांना बंदरावर अडवणारा कायदाही त्याच वर्षी झाला होता. पण तपासणी व्हायची ती बंदरावर. घरून निघण्याआधीच परत येण्याची हमी द्या, असं कोणी म्हणत नव्हतं.

हे चित्र बदललं पहिल्या महायुद्धात. हेरांच्या भीतीने देशोदेशीच्या सरकारांनी पासपोर्ट सक्तीचे केले. पासपोर्ट सरकारच्या हाती आला की काय होतं, हे आपल्याकडे लोकमान्य टिळकांनी अनुभवलं. १९१८ मध्ये होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन ते विलायतेला निघाले. पासपोर्ट हातात होते. कोलंबोला ते रद्द झाले आणि सगळ्यांना माघारी फिरावं लागलं. पुढे चिरोल यांच्यावरच्या खटल्यासाठी टिळकांना जाऊ दिलं, तेही राजकीय चळवळ करणार नाही या अटीवर.

युद्ध संपलं की ही कटकट जाईल, असं पुष्कळांना वाटत होतं. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली. तिथेही पासपोर्ट कधीतरी पूर्णपणे रद्द व्हावेत, अशी आशा व्यक्त झाली. ठरलं मात्र एवढंच, की पासपोर्टची पुस्तिका सगळीकडे एकसारखी असावी!

अमेरिकेने तोवर आपले नियम कडक केले होते. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या फार मोठ्या भागातून येणाऱ्या मजुरांना दार बंद झालं. मग आला १९२४ चा कायदा. परदेशातल्या वकिलातींनी आधी व्हिसा द्यायचा, मगच माणसाने बोटीत पाय ठेवायचा, ही पद्धत त्याने पक्की केली. तपासणीची पहिली पायरी अशी बंदरावरून वकिलातीच्या खिडकीत आली. कायम राहायला येणारा वेगळा आणि तात्पुरता पाहुणा वेगळा, अशी विभागणीही त्याच कायद्यात झाली. विभागणी आली की पाहुणा म्हणून येऊन कायमचा राहील तो कोण, हा संशयही आलाच.

या संशयाला १९५२ च्या कायद्याने स्पष्ट शब्द दिले. त्यातलं २१४ (ब) हे कलम व्हिसाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असतं. अर्ज करणारा माणूस कायमचा राहायलाच येतो आहे, असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं. तसं नाही, हे त्या माणसाने पटवून द्यायचं. न्यायालयात आरोपीला आधी निर्दोष धरतात. इथे उलट आहे. मावशीच्या मनाला जे लागलं, ते कलमात लिहिलेलंच होतं. फक्त ते तिच्यासाठी नव्हे, सगळ्यांसाठी होतं.

१९४६ पासून भारतीयांना कायम वास्तव्यासाठी वर्षाला अवघे शंभर व्हिसे मिळत. १९६५ च्या कायद्याने ही अडचण दूर केली. आपले डॉक्टर, इंजिनिअर तिकडे गेले, स्थिरावले. त्यांच्यामागून त्यांचे आईवडील पाहुणे म्हणून जाऊ लागले. २००१ च्या हल्ल्यांनंतर नियम आणखी आवळले आणि २००३ पासून बहुतेक सगळ्यांना प्रत्यक्ष मुलाखत देणं भाग पडलं.

कुठल्याही देशाला आपल्या दाराशी कोण आलं हे विचारायचा हक्क आहे. पाहुणे म्हणून गेलेले काहीजण तिथेच राहतात, हेही खोटं नाही. माझी शंका वेगळी आहे. माणूस परत का येतो, हे कागदांवरून कितपत कळतं?

रमाबाईंना त्या खिडकीपुढे उभं करून बघा. वय सत्तावीस-अठ्ठावीस. नवरा वारलेला. आईवडील आणि भाऊही गेलेले. पाच वर्षांची मुलगी बरोबर. हिंदुस्थानात ना घर, ना नोकरी. वर धर्मांतर केल्यामुळे मायदेशी नाराजी. परत येण्यासारखं त्यांच्या फाइलीत काय होतं? शिवाय समारंभासाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत राहिल्या दोन वर्षांहून अधिक. गावोगाव व्याख्याने दिली, इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्या कामाला पैसा पुरवण्यासाठी बोस्टनला संस्था उभी राहिली.

आणि त्या परत आल्या. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू केलं. त्यांना परत आणणारी गोष्ट कुठल्याच उताऱ्यावर लिहिलेली नव्हती.

मावशीची मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली. कशाला जाता, मुलगी काय शिकते, परत कधी येणार, एवढेच प्रश्न. तिला व्हिसा मिळाला. फाइल कोणी उघडलीसुद्धा नाही, याचंच तिला वाईट वाटलं. "रात्रभर लावली होती," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये ती परतली. विमानतळावर मला पाहिल्याबरोबर म्हणाली, "त्या वकिलातीत कळवून टाक हो, मी आले म्हणून." मी सांगितलं, "कळवायला नको. तिकडून निघताना पासपोर्टमधली चिठ्ठी काढून घेतली ना, त्यावरून त्यांना कळतं."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात देऊन साताऱ्याच्या गाडीची चौकशी करू लागली.