ठिणगीची वेळ : आकुर्डी ते चाकण

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते व प्लगच्या टोकाशी उडणाऱ्या ठिणगीने ते पेट घेते. परंतु ज्योत मिश्रणभर पसरायला वेळ लागतो, आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँकशाफ्ट १८ अंशांनी पुढे सरकलेला असतो. म्हणूनच पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पडावी लागते, आणि हे 'थोडे आधी' म्हणजे नेमके किती, हे ठरवून इंजिनावर कायम करण्याच्या कामाला टायमिंग लावणे म्हणतात. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके देते, तापते, चालू करताना किक उलटी बसते. उशिरा पडली तर गाडी चढावर दम टाकते आणि पेट्रोल जास्त पिते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या आणि उत्पादनाच्या आकड्यांत लिहिला जातो. ठिणगीची वेळ ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हातात होता, याचा शोध घेतला तर त्याच इतिहासाचा एक दुर्लक्षित पदर उलगडतो.

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या व्हेस्पा स्कूटर आयात करून विकल्या. १९५९ मध्ये देशात उत्पादन करण्याचा परवाना मिळाला आणि पुढे बजाज ऑटो या नावाने आकुर्डीचा कारखाना वाढत गेला. पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, १९७२ मध्ये 'चेतक' आली आणि १९७७ मध्ये कंपनीने एका आर्थिक वर्षात एक लाख वाहनांचा टप्पा गाठला. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर हाती आलेली ही स्कूटर मध्यमवर्गीय घरात दीर्घकाळ टिकवायची वस्तू होती, त्यामुळे तिची दुरुस्ती हा एक स्वतंत्र आणि मोठा व्यवसाय झाला.

त्या स्कूटरची प्रज्वलन व्यवस्था पूर्णपणे यांत्रिक होती. क्रँकशाफ्टच्या टोकावर बसवलेले, चुंबके जडवलेले जड चाक, ज्याला गॅरेजच्या भाषेत सरळ 'मॅग्नेट' म्हणत, स्थिर कॉइलभोवती फिरून वीज निर्माण करी. या विजेच्या वाटेवर 'पॉइंट' नावाची दोन छोटी धातूची टोके एकमेकांना टेकलेली असत. फिरणारा कॅम त्यांना वेगळे करी, प्रवाह एकदम तुटे आणि त्या तुटण्यामुळेच उच्च दाबाची वीज प्लगपर्यंत जाऊन ठिणगी पडे. शेजारचा कंडेन्सर पॉइंटवर होणारी जळजळ कमी करी. पॉइंट ज्या क्षणी सुटतात तोच ठिणगीचा क्षण, हे या व्यवस्थेचे सार होते.

टायमिंग लावणारा कारागीर प्रथम काळवंडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासून साफ करी आणि मॅग्नेटच्या खिडकीतून फीलर गेजची पाती घालून त्यांच्यातील अंतर ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान आणी. मग प्लग काढून त्या भोकातून पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू शोधला जाई. पुढचे काम हाताच्या संवेदनेचे होते : दोन पॉइंटच्या मध्ये सिगारेटच्या पाकिटातील पातळ कागद धरून मॅग्नेट हळूहळू फिरवायचे, कागद हलकेच ओढत राहायचे, आणि तो ज्या क्षणी सुटून येतो तेव्हा चाकावरची खूण कुठे आहे ते पाहायचे. खूण जुळत नसेल तर पुलर लावून मॅग्नेट उतरवायचे, आतील स्टेटर प्लेटचे स्क्रू सैल करून ती किंचित फिरवायची आणि सगळे पुन्हा तपासायचे. कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजली की अंतर कमी होई व ठिणगी उशिरा पडू लागे, त्यामुळे हे काम एकदा करून संपणारे नव्हते. भोसरी-चिंचवडपासून राज्यातील तालुक्यांच्या गावांपर्यंत पसरलेल्या हजारो हातांनी हे ज्ञान आत्मसात केले. कारखान्यात बसवलेली वेळ रस्त्यावर टिकवून धरण्याचे श्रेय या हातांना आहे, आणि उद्योगाच्या इतिहासात त्यांना जागा मिळू नये ही गंभीर उणीव मानली पाहिजे.

वेळ जुळवण्याचे हे कसब पेट्रोलच्या इंजिनांपुरते नव्हते. कोकण किनाऱ्यावरील मासेमारी नौकांच्या पोटातील इंजिने प्रामुख्याने डिझेलची. त्यांत ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. मात्र फवारा कधी सुटावा, हा प्रश्न तिथेही तितकाच निर्णायक आहे. चाक हळू फिरवत पंपाच्या तोंडाशी डिझेल केव्हा हलते हे डोळ्यांनी टिपायचे आणि पंपाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, घालून वा काढून वेळ जुळवायची, ही त्याची जुनी रीत. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या, खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे 'टीव्ही-१' हे इंजिन देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आढळते, आणि वरच्या बिंदूच्या २३ अंश आधी ही त्याची फवाऱ्याची वेळ विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांना तोंडपाठ आहे.

पुढे स्कूटरमधील पॉइंट हटले आणि सीडीआय, म्हणजे कॅपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था, आली. घासणारा भागच उरला नसल्याने वेळ सरकणे थांबले. १९९१ पासून लागू झालेल्या व नंतर कडक होत गेलेल्या उत्सर्जनाच्या मर्यादांमुळे अचूकतेची निकड वाढली. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये 'पल्सर' मोटरसायकल आली आणि २००३ मध्ये तिच्या एकाच सिलिंडरला दोन प्लग मिळाले, जेणेकरून दोन बाजूंनी निघालेल्या ज्योती मिश्रण लवकर जाळतील. सोबतच्या डिजिटल सीडीआयमुळे ठिणगीची वेळ वेगाप्रमाणे बदलू लागली, जे जुन्या मॅग्नेटला कधीच साधले नव्हते : तिथे मंद आणि वेगवान चालीसाठी एकच तडजोडीची वेळ चालवून घ्यावी लागे. दोन प्लगच्या या रचनेच्या पेटंटवरून टीव्हीएस कंपनीशी झालेला वाद २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जी गोष्ट एके काळी कागदाच्या कपट्याने मोजली जात होती, तिच्याभोवती आता कायद्याचे कुंपण उभे राहत होते.

एप्रिल २०२० मध्ये उत्सर्जनाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि इंधनाची मात्रा व ठिणगी या दोहोंचा निर्णय नियंत्रक संगणकाकडे गेला; गॅरेजमध्ये फीलर गेजची जागा निदानयंत्राच्या पडद्याने घेतली. त्याच सुमारास विजेवर चालणारी चेतक चाकणमधून बाहेर पडली आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीत तिच्यासाठी नवा कारखाना उघडला. तिच्यात प्लग नाही, प्रज्वलनाची कॉइल नाही, ठिणगीही नाही. तरी फिरणाऱ्या चुंबकाची जागा क्षणोक्षणी हेरून कोणत्या वेटोळ्यात वीज केव्हा सोडायची, हे तिच्या नियंत्रकालाही दर फेऱ्यात ठरवावेच लागते.